ट्रकचा मालक की नवा वतनदार?

आपल्या वस्त्यांमध्ये सध्या एक वाक्य सारखे कानावर पडते. नोकरी मागणारे होऊ नका, नोकरी देणारे व्हा. बँकेच्या मेळाव्यात, महामंडळाच्या कार्यशाळेत, अगदी जयंतीच्या व्यासपीठावरही ते ऐकू येते. सरकारी भरती आटली, जी होते ती कंत्राटी, तेव्हा तरुणांनी धंद्यात उतरावे असे सांगणारे सगळेच आपले शत्रू नाहीत. उद्योगात आपली माणसे गेली पाहिजेत याबद्दल माझा वाद नाही. माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. मालक म्हणजे नेमका कोण? वस्तू ज्याच्या नावावर आहे तो, की त्या वस्तूच्या कामाचा भाव जो ठरवतो तो?

हा प्रश्न मी ट्रकच्या धंद्यापुरता मांडते आहे, कारण तो मला घरात बसून वहीवर तपासता आला. माझा मोठा भाऊ, दादा, दहा चाकी ट्रकचा मालक आहे आणि गेली चार वर्षे त्याच्या गाडीचा हिशेब मी लिहिते. आता आमच्या वस्तीतल्या पाच मुलांनी ट्रकसाठी कर्ज काढायचे ठरवले आहे. त्यातल्या तिघांच्या घरची जागा तारण जाणार आहे. कागद तपासायला ते माझ्याकडे आले. त्यांना जे सांगितले ते इथे सविस्तर लिहिते, कारण असे पाचजण प्रत्येक तालुक्यात आहेत.

आधी धंदा कसा चालतो ते पाहू. जालन्यात लोखंडाच्या सळया बनवणारे कारखाने आहेत. तिथली सळई पुण्या-मुंबईकडे जाते आणि तिकडून भंगार येते. कारखाना दादाला ओळखत नाही. कारखान्याचा करार असतो तो ट्रान्सपोर्ट कंपनीशी. या कंपनीच्या स्वतःच्या गाड्या मोजक्याच. बाकी सगळ्या दादासारख्यांच्या, ज्यांना धंद्यात ‘अटॅच गाड्या’ म्हणतात. गाडी आमची, कर्ज आमचे, विमा आमचा, ड्रायव्हरही आम्हीच. गाडीच्या दारावर नाव मात्र ट्रान्सपोर्टचे. माल कधी भरायचा, कुठे न्यायचा, कोणत्या पंपावर डिझेल घ्यायचे आणि टनाला किती रुपये, हे सगळे तिथल्या टेबलावर ठरते. त्या ऑफिसात दादाला सगळे ‘मालक’ म्हणूनच हाक मारतात. “मालक, गाडी लावा.” “मालक, आज लोड नाही.” “मालक, पैसे पुढच्या आठवड्यात.”

आता वही उघडते. एका सर्वसाधारण फेरीचा हिशेब असा. जालना ते नवी मुंबई आणि परत, मिळून ८०० किलोमीटर. जाताना १८ टन सळई, टनाला १,३०० रुपये, म्हणजे २३,४००. येताना १८ टन भंगार, टनाला ९००, म्हणजे १६,२००. एकूण भाडे ३९,६००. लिटरला चार किलोमीटर धरले तर डिझेल २०० लिटर, ९१ रुपये भावाने १८,२००. टोल ४,०००. ट्रान्सपोर्टचे कमिशन दोन्ही बाजूंचे मिळून २,०००. वाराई, काटा, ताडपत्री-दोरी आणि रस्त्यावरची चिरीमिरी १,८००. दोघांचे जेवण आणि क्लीनरची मजुरी १,८००. खर्च झाला २७,८००, उरले ११,८००.

अशा सहा फेऱ्या झाल्या तर महिन्याला ७०,८०० रुपये हातात येतात. इथवर ऐकून पाचही मुलांचे डोळे चमकले होते. पण वहीचे पान अजून संपलेले नाही. फायनान्सचा हप्ता ३२,०००. दहा टायर झिजतात, त्यासाठी महिन्याला ९,००० बाजूला काढावे लागतात. विमा, रोड टॅक्स, पासिंग, परमिट यांचे वर्षाचे पैसे बारा महिन्यांत वाटले तर ९,०००. ऑइल, ब्रेक, पाटे, किरकोळ दुरुस्ती ८,०००. हे झाले ५८,०००. शिल्लक १२,८०० रुपये.

महिन्यातले पंचवीस दिवस घराबाहेर, दिवसाचे बारा-चौदा तास स्टिअरिंगवर, आणि मालकाला मिळाले १२,८०० रुपये. आमच्या भागात अशा गाडीवर पगारी ड्रायव्हर ठेवायचा तर किमान १८,००० द्यावे लागतात. म्हणजे दादाने स्वतः गाडी न चालवता ड्रायव्हर ठेवला तर महिन्याला ५,२०० रुपये खिशातून जातील. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. मालकी त्याला काही कमवून देत नाही. त्याची मालकी त्याच्या ड्रायव्हरकीच्या मजुरीवर जगते. लाखो रुपयांचे कर्ज अंगावर घेऊन त्याने काय विकत घेतले, तर पगारी ड्रायव्हरपेक्षा कमी पैशात ड्रायव्हरचे काम करण्याची संधी.

यावर एक आक्षेप येतो आणि तो खोटा नाही. हप्त्यातून गाडी स्वतःची होते, ती बचतच नाही का? काही अंशी आहे. पण दादाने चार वर्षांपूर्वी घेतली तेव्हा गाडी सहा वर्षे जुनी होती. कर्ज फिटेल तेव्हा ती अकरा वर्षांची असेल. तोवर इंजिनचे काम निघेल आणि बाजारात तिची किंमत उतरलेली असेल. हप्ता संपतो तेव्हा दुसऱ्या हप्त्याची वेळ झालेली असते.

हा हिशेब सहा फेऱ्यांचा आहे हेही विसरू नका. कारखान्याच्या दारात गाडी दोन दिवस उभी राहिली, पलीकडे रिकामी व्हायला आणखी एक दिवस लागला, की महिन्याच्या पाच फेऱ्या होतात. पाच फेऱ्यांचे ५९,०००, ठरलेला खर्च ५८,०००, उरले एक हजार. गाडी उभी ठेवल्याबद्दल मिळायचे पैसे, ज्याला हॉल्टिंग म्हणतात, ते दादाच्या वहीत चार वर्षांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या वेळा आले आहे. वाट पाहण्याची किंमत त्याची, वाट पाहायला लावणारा दुसराच.

वाराईचेही तसेच. माल उतरवण्याचे पैसे गाडीवाल्याकडून घ्यायची जुनी रीत आहे. ‘ज्याचा माल त्याचा हमाल’ ही घोषणा महाराष्ट्रातल्या वाहतूकदारांनी कितीदा दिली. ती अगदी रास्त आहे. माल दादाचा नाही, मग हमाली त्याची कशी? पण गाडी ज्याची तोच दारात अडकलेला असतो, म्हणून पैसे त्याच्याकडून निघतात.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, भाड्याची गुप्तता. मालाबरोबर जी बिल्टी निघते तिच्यावर मालाचे वजन असते, पाठवणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे नाव असते, गाडीचा नंबर असतो. भाड्याच्या रकान्यात मात्र ‘टू बी बिल्ड’ असे छापलेले असते. म्हणजे कारखान्याला बिल नंतर जाईल. ते बिल किती रुपयांचे, हे गाडीवाल्याला कधीच कळत नाही. दादाला टनाला १,३०० मिळतात, त्यातून कमिशनही कापले जाते. कारखाना ट्रान्सपोर्टला टनाला १,४०० देतो की १,८००, हे सांगायला कोणी बांधील नाही. मी एकदा दादासोबत गेले होते तेव्हा सरळ विचारले, “शेठ, बिलाची एक प्रत आम्हाला मिळेल का?” ते हसले. “ताई, मालकांना भाड्याशी मतलब. बिलाशी काय करायचंय?” त्यांनी आवाज चढवला नाही, अपमान केला नाही. त्यानंतर दादाच्या गाडीला नऊ दिवस लोड मिळाले नाही, एवढेच.

उधारीचा भाग वेगळाच. भाड्यातला मोठा हिस्सा आधी मिळतो, पण तो बहुतेक डिझेलच्या चिठ्ठीच्या रूपात, ठरलेल्या पंपावर. उरलेल्याला बॅलन्स म्हणतात. तो पोच जमा केल्यावर मिळायचा असतो. पोच लगेच जमा होते, बॅलन्स महिना-दीड महिना अडकतो. त्यातून कधी वजनातली घट, कधी भिजलेला माल, कधी नुसता ‘हिशेबातला फरक’ म्हणून पैसे कापले जातात. आज या घडीला दादाचे दोन महिन्यांच्या शिल्लकीपेक्षा जास्त पैसे त्या ऑफिसात आहेत. ट्रान्सपोर्ट सोडून दुसरीकडे गाडी लावायची म्हटली की आधी त्या पैशांवर पाणी सोडावे लागेल. हा बॅलन्स म्हणजे दादाने दिलेले बिनव्याजी कर्ज आहे आणि तोच त्याच्या पायातला दोरही आहे.

रस्त्यावरच्या कायद्याचे ओझेही याच माणसावर. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार जादा भार भरला तर २०,००० रुपये दंड आणि प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये. कायद्याचे शब्द जादा भार भरायला लावणाऱ्यालाही लागू पडतात. पण चलान निघते गाडीच्या नंबरावर. भाडे टनावर असल्यामुळे चार टन जास्त भरण्याचा मोह गाडीवाल्याला होतो आणि धोका पूर्णपणे त्याचाच राहतो.

मग सरकार यात काहीच करू शकत नाही का? करू शकते, हे फार कमी जणांना माहीत आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ६७ राज्य सरकारला मालवाहू गाड्यांच्या भाड्याचे कमाल आणि किमान दर ठरवण्याबाबत निर्देश देण्याचा अधिकार देते. रिक्षा आणि टॅक्सीचे भाडे सरकार ठरवतेच. मुंबईत त्यासाठी खटुआ समितीने सूत्र दिले, ज्यात इंधन, देखभाल, महागाई यांचा विचार आहे. रिक्षात बसणाऱ्याला आणि चालवणाऱ्याला दर माहीत असतो. १८ टन लोखंड ओढणाऱ्याला मात्र आपल्या कामाचा खरा दर माहीत नसतो आणि कोणी तो ठरवूनही देत नाही. रस्ते मालवाहतुकीसाठी २००७ चा कायदा आहे. त्यात ट्रान्सपोर्ट कंपनीने, दलालानेही नोंदणी करायची आहे, माल हरवला तर जबाबदारी कोणाची हे लिहिलेले आहे. तो कायदा मालाची काळजी घेतो. गाडीवाल्याच्या भाड्याची काळजी त्यात नाही.

उलट कर घेताना सरकारला गाडीवाल्याचे उत्पन्न अगदी अंदाजाने सांगता येते. प्राप्तिकर कायद्यातल्या एका सोयीनुसार दहापर्यंत गाड्या असणाऱ्याने हिशेबाच्या वह्या न ठेवता ठरावीक नफा दाखवायचा असतो. २०१८ नंतर जड गाडीसाठी हा नफा एकूण वजनाच्या दर टनामागे महिन्याला १,००० रुपये असा धरला जातो. दहा चाकी गाडीचे मंजूर एकूण वजन त्याच वर्षी २५ वरून २८.५ टन झाले. म्हणजे कागदावर दादाचा महिन्याचा नफा २८,५०० रुपये. त्याने खरोखर इतके कमवावेत यासाठी किमान भाडे ठरवायचे म्हटले की सगळे बाजाराकडे बोट दाखवतात.

इथे मला महार वतनाची आठवण येते, आणि ती ओढूनताणून येत नाही. वतनदार हा शब्द मोठा होता. महाराकडे हाडकी-हाडोळ्याची जमीन होती, ती त्याच्या नावावर होती, पिढीजात होती. अनेकांना त्याचा अभिमानही होता. पण त्या तुटपुंज्या जमिनीच्या आणि बलुत्याच्या बदल्यात गावाची आणि सरकारची कामे रात्री-अपरात्री, सांगेल तेव्हा करावी लागत. कामाला वेळ नाही, मजुरीला दर नाही, नकाराला जागा नाही. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक आणले. ज्यांना या कामातून मोकळे व्हायचे आहे त्यांना पूर्ण सारा भरून जमीन रयतेसारखी स्वतःकडे ठेवता यावी आणि कामाचा मोबदला पैशात ठरावा, हा त्याचा गाभा होता. ते विधेयक तेव्हा पुढे जाऊ शकले नाही. १९३९ मध्ये हरेगावच्या परिषदेत वतनदारांचा प्रश्न पुन्हा गाजला. कनिष्ठ गाववतने कायद्याने रद्द व्हायला १९५८ साल उजाडावे लागले.

बाबासाहेबांनी वतनात जे ओळखले ते असे, की नावावर जमीन असणे आणि माणूस मोकळा असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मालकीची चिठ्ठी कधी कधी बेडीचे काम करते, कारण ती हातात असलेला माणूस स्वतःला मजूर समजत नाही आणि मजुराचे हक्क मागत नाही. ट्रकच्या आर.सी. बुकाचे आज तेच झाले आहे. फरकही सांगितला पाहिजे. वतन जन्माने गळ्यात पडत होते, ट्रक कोणी जन्माने लादत नाही, दादा उद्या गाडी विकू शकतो. पण कर्जाने तारण ठेवलेले घर आणि अडकलेला बॅलन्स यांच्या मध्ये उभा असलेला माणूस किती मोकळा असतो, याचा विचार करा. आणि ट्रान्सपोर्टच्या टेबलापलीकडे पिढीजात भांडवल, पंप, गोदाम, कारखानदाराशी सोयरीक असलेला कोण बसतो आणि अलीकडे हप्त्यावरची एकच गाडी घेऊन कोण उभा असतो, हे पाहायला फार लांब जावे लागत नाही. नंबरात गाडी लावताना “गाव कुठलं? आडनाव काय?” हे दादाला अजूनही विचारले जाते.

१९४७ च्या ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’ या निवेदनात बाबासाहेबांनी अशाच स्वातंत्र्याची झडती घेतली आहे. राज्याने हस्तक्षेप केला नाही की स्वातंत्र्य मिळते असे म्हणणाऱ्यांना त्यांचे म्हणणे असे होते, की ते स्वातंत्र्य जमीनदाराला खंड वाढवण्याचे आणि भांडवलदाराला मजुरी कमी करण्याचे असते. पोटासाठी ज्याला समोर येईल ती अट मान्य करावी लागते, त्याचा करार मोकळ्या माणसाचा करार नसतो. दादा आणि ट्रान्सपोर्ट यांच्यातला ‘करार’ तर लिहिलेलाही नाही.

हा प्रश्न फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकेत स्वतःचा ट्रक मोठ्या वाहतूक कंपनीला जोडून चालवणाऱ्यांना ओनर-ऑपरेटर म्हणतात आणि तिथेही त्यांच्यावर अशीच पिळवणूक झाली. म्हणून तिथल्या केंद्रीय नियमांनी काही गोष्टी बंधनकारक केल्या. करार लेखी हवा. मोबदला त्यात स्पष्ट हवा. पोच दिल्यावर १५ दिवसांत पैसे द्यायचे. मोबदला भाड्याच्या टक्केवारीत असेल तर मूळ बिलाची प्रत गाडीवाल्याला द्यायची. कंपनीकडूनच माल किंवा सेवा विकत घेण्याची सक्ती करता येणार नाही. अनामत ठेव करार संपल्यावर ४५ दिवसांत परत. शेठजींनी हसून टाळलेली बिलाची प्रत भांडवलशाहीच्या माहेरघरात नियमाने मिळते. हे नियम असूनही तिथे पिळवणूक थांबलेली नाही, पण मागायला कागद तरी आहे.

तिथली दुसरी गोष्ट जास्त शिकवणारी आहे. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कंत्राटदार कोण आणि कामगार कोण हे ठरवायची कसोटी कडक केली. कंपनीच्या नियंत्रणाखाली नसलेला, कंपनीच्या मुख्य धंद्याबाहेरचे काम करणारा आणि स्वतःचा स्वतंत्र धंदा असणारा, या तिन्ही अटी पूर्ण करेल तोच कंत्राटदार. त्या आधारे केलेला कायदा १ जानेवारी २०२० पासून आला. ट्रकच्या बाबतीत तो कोर्टात अडकला, आणि २०२२ मध्ये तो लागू होण्याची वेळ आली तेव्हा ओकलंड बंदरात खुद्द ट्रकमालक-चालकांनीच त्याविरुद्ध आंदोलन केले. त्यांना ‘कामगार’ व्हायचे नव्हते. त्यांना मूर्ख म्हणण्याची घाई करू नये. मालक हा शब्द माणसाला ताठ मानेने उभे करतो, आणि ज्यांना पिढ्यानपिढ्या काहीच नावावर नव्हते त्यांना तो जास्तच हवासा वाटतो. दादाही चिडतो मी त्याला मजूर म्हटले की. “ताई, गाडी माझी आहे,” तो म्हणतो. मी त्याच्याकडून गाडी किंवा तो शब्द काढून घ्यायला निघालेले नाही. त्या शब्दाला भाव ठरवण्याची ताकद मिळाली पाहिजे, एवढेच माझे म्हणणे आहे.

ती ताकद एकट्याला मिळत नाही. कायद्याचे एक उदाहरण देते. एक गाडीवालाही सूक्ष्म उद्योग म्हणून ‘उद्यम’ नोंदणी मोफत करू शकतो. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार अशा उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यायचे आहेत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. तक्रारीसाठी सुलभता परिषद आहे. म्हणजे दादाचा बॅलन्स अडवणे बेकायदेशीर आहे. पण दादाने एकट्याने तक्रार केली तर काय होईल हे बिलाची प्रत मागताना पाहिले आहे. एका गाडीला लोड नाकारता येते. जालन्यातल्या साठ गाड्यांनी एकाच दिवशी तक्रार केली तर साठ गाड्या नाकारता येत नाहीत, कारण सळई कोणाच्या डोक्यावरून जाणार नाही.

संघटना कोणाची, हेही पाहावे लागेल. जुलै २०१८ मध्ये ट्रकवाल्यांचा देशव्यापी संप आठवडाभर चालला. डिझेलचे भाव, टोल, थर्ड पार्टी विम्याचा हप्ता या त्याच्या प्रमुख मागण्या होत्या. मागण्या चुकीच्या नव्हत्या. पण त्या सगळ्या सरकारकडे होत्या. ट्रान्सपोर्ट कंपनी गाडीवाल्याला किती देते, ही त्यातली मुख्य मागणी नव्हती. ‘मालक’ या एका शब्दाखाली दोनशे गाड्यांचा ट्रान्सपोर्टर आणि एका गाडीचा दादा एकत्र उभे केले की दादाचा प्रश्न आपोआप मागे पडतो. हे आपल्याला नवीन नाही. एका मोठ्या शब्दाखाली सगळ्यांना गोळा करून खालच्याचा प्रश्न गिळायची पद्धत आपण पूर्वीपासून ओळखतो.

मार्ग महाराष्ट्रातच आहे. ज्या हमालाकडे दादा वाराई देतो, त्या हमालासाठी १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला. अण्णासाहेब पाटलांच्या नेतृत्वाखाली झालेल्या लढ्यामागे साधी कल्पना होती. कामगार एकाच मालकाचा नाही, रोज वेगळ्या व्यापाऱ्याचे काम करतो, म्हणून त्याला हक्क नाहीत हे म्हणणेच नाकारायचे. व्यापारी, कामगार आणि सरकार यांचे मंडळ करायचे. मजुरीचे पैसे मंडळात भरायचे, वर लेव्ही भरायची, त्यातून भविष्य निर्वाह निधी आणि इतर सोयी द्यायच्या. या मंडळांत आज भ्रष्टाचार आहे, बोगस टोळ्या आहेत, हे मान्य करूनही कल्पना भक्कम आहे. एक-दोन गाड्यांच्या मालक-चालकांसाठी असेच मंडळ का नको? कारखान्याने भाडे मंडळात भरावे, ट्रान्सपोर्टने आपले कमिशन उघडपणे घ्यावे, गाडीवाल्याचे पैसे पंधरा दिवसांत त्याच्या खात्यात यावेत. कलम ६७ खाली किमान भाडे ठरावे. हॉल्टिंगचा तासाचा दर बिल्टीवर छापला जावा.

आणि एक अट आपल्या बाजूनेही. वहीतला क्लीनर फेरीमागे नऊशे रुपयांवर राबतो, म्हणजे महिन्याला ५,४००. तोही आपल्याच वस्तीतला आहे. दादाचे भाडे वाढले आणि त्याची मजुरी तीच राहिली, तर आपण फक्त टेबलाची बाजू बदलली असे होईल. मंडळात त्याचीही नोंद झाली पाहिजे.

त्या पाच मुलांना मी ‘ट्रक घेऊ नका’ असे सांगितलेले नाही. तीन गोष्टी सांगितल्या. पाचांनी पाच वेगवेगळ्या दारांत जाऊ नये. एकत्र नोंदणी करावी, एकत्र दर मागावा, आणि तो लेखी घ्यावा. राहते घर तारण ठेवायचे असेल तर सहा फेऱ्यांचा नाही, चार फेऱ्यांचा हिशेब करून पाहावा. आणि पहिल्याच दिवशी बिलाची प्रत मागावी, पाचांनी एकदम. त्यातल्या एकाने विचारले, “ताई, नाही दिली तर?” मी म्हटले, तर कर्जावर सही करण्याआधीच कळेल की आपण मालक होणार आहोत की वतनदार.

जयंतीला आपल्या ट्रकची रांग निळे झेंडे लावून निघते तेव्हा मलाही आनंद होतो. त्या रांगेतल्या किती गाड्या दुसऱ्या दिवशी आपल्या भावाने धावतात, हे आपण मोजायला लागलो पाहिजे. ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांनी आपली वही उघडावी, चार महिन्यांचा हिशेब लिहावा आणि शेजारच्या गाडीवाल्याच्या वहीशी ताडून पाहावा. संघटना तिथून सुरू होईल.

जय भीम.